सव्वा मूठ

त्या जपानी कादंबरीनं जळगावच्या वाचनकट्ट्यात चक्क भांडण लावलं. एरवी हा कट्टा म्हणजे सभ्य माणसांचा कारभार. पुस्तक आवडलं तर "छान आहे" म्हणायचं, नाही आवडलं तर "वेगळं आहे" म्हणायचं, आणि चहा पिऊन घरी जायचं. पण त्या रविवारी वाचनालयाच्या गच्चीवर आवाज असे चढले की खालून शिपाई बघायला आला.

कादंबरीतली बाई शेजाऱ्यांना सांगते, नवरा कामासाठी परगावी गेलाय. तिकडे म्हणे रीत आहे, दूर गेलेल्या माणसाचं ताट घरी रोज मांडायचं, म्हणजे तो जिथे असेल तिथे सुखरूप राहतो. ही बाई न चुकता मांडते. शेजारीण हळहळते, काय हिची माया! आणि एके दिवशी त्या शेजारणीला दिसतं, भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या उभ्या खोचल्यात. तशा तिकडे फक्त मेलेल्या माणसापुढे खोचतात. बाईनं नवऱ्याला मारलेलं असतं.

"भंपकपणा!" प्रेमराज सर म्हणाले. सर निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे त्यांचं मत म्हणजे निकालच. "प्रेताची विल्हेवाट लावली, पोलिसांना फिरवलं, आणि शेवटी सापडली कशानं, तर दोन काड्यांनी? लेखकाला शेवट सुचला नाही, दुसरं काय!"

"मला नाही तसं वाटत," चारुलता म्हणाली. ती दातांची डॉक्टर, बोलणं कमी आणि नेमकं. "मी तर ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरातला दिवा लावून आले."

दिपमालानं सरांची बाजू घेतली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि पुरावा म्हटला की तिच्या अंगात यायचं. "इतकं ठरवून करणारी बाई अशी चुकेल कशी? हे पटत नाही."

"ती चुकली कुठे?" चारुलता तिच्याकडे वळली. "लोकांशी खोटं बोलता येतं गं. पण मेलेल्याला जिवंत माणसाचं ताट वाढायची तिची छाती झाली नाही. हातानं ऐकलं नाही तिचं."

दिपमालानं मांडीवरचं पुस्तक मिटलं. तिच्यासमोर मेलेल्या नवऱ्याचा विषय निघाला की सगळेच थोडे सांभाळून बोलत, आणि चारुलताच्याही ते आत्ता लक्षात आलं. तिनं घाईघाईनं चहाचा कप दिपमालापुढे सरकवला.

दिपमालाचा नवरा किरण दोन वर्षांपूर्वी तापीत बुडाला. बरेच दिवस बेपत्ता होता, मग पुलाखाली एक प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. सासूनं, मंजुळाबाईंनी, शर्टावरून आणि हातातल्या कड्यावरून लेक ओळखला. दिपमाला पुढे झाली तेव्हा सासूनं तिला छातीशी धरून मागे ओढलं, "नको देखू बेटा, तुले ते रूप ध्यानात नको ऱ्हावाले." त्या एका गोष्टीसाठी दिपमाला सासूची जन्मभराची ऋणी झाली होती. तेव्हापासून ती जळगावला एकटी राहून नोकरी करायची आणि सणावाराला धुळ्याजवळच्या सासरच्या गावी जायची.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते. जाऊ पिंपळनेरला माहेरी अडकली होती, आईचं आजारपण काढत, लहानग्या प्रकाशला घेऊन. तेव्हा मंजुळाबाईंनी दिपमालाला मदतीला बोलावलं. आधल्या दिवशी दुपारी ती एसटीतून उतरली. कानबाईच्या कामात विधवेचा हात चालत नाही, म्हणून तिच्या वाट्याला मागच्या दारची भांडी आली. याचा तिला राग यायचा, पण त्या घरात राग धरायला जागा नव्हती.

भांडी विसळताना तिला उघड्या दारातून सासू दिसत होती. मंजुळाबाई रोटाचं दळण काढत होत्या. कानबाईचा रोट म्हणजे भाऊबंदांनीच खायचा प्रसाद, परक्याच्या तोंडी जात नाही. आणि त्याचे गहू मापानं नाही, माणसांवर काढतात: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. जो गावाला गेला असेल त्याचीही. जो गेलाच, त्याची नाही.

मंजुळाबाईंचे ओठ हलत होते. निंबाची, म्हणजे आपल्या मालकाची, एक मूठ सुपात पडली, वर चिमटीभर गहू. मग धाकट्या कुंदनची. मग पिंपळनेरला असलेल्या नातवाची, प्रकाशची. सूप उचलायला त्यांनी हात घातला, थांबल्या, मागे वळून पाहिलं. दिपमालानं मान खाली घातली आणि परातीवर राख घासत राहिली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा आणखी एक मूठ सुपात पडत होती. वर चिमटीभर.

दिपमालानं मनात मोजलं: घरात पुरुष तीन, मुठी चार.

"आई," तिनं आवाज साधा ठेवत विचारलं, "ती शेवटची मूठ कोणाची?"

मंजुळाबाईंनी सूप एकदम पोटाशी धरलं. "देवीनी. तुले काय करनं? भांडा कर तू."

असेल, दिपमालानं स्वतःला समजावलं. त्या मेल्या पुस्तकानं डोकं फिरवलंय, दुसरं काही नाही. पण भांडी होईपर्यंत तिला काय काय आठवत गेलं. ओसरीवर किरणचा फोटो होता, पण त्याला कधी हार नव्हता. "हार देखीसनी मन्हा जीव तुटस," असं सासू म्हणायची आणि सगळं गाव हळहळायचं. आणि कुंदन? भाऊ गेल्यापासून तो वहिनीच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. दुःखानं, असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी निंबा आबा ओसरीवर बैलाचं दावं वळत बसले होते. साधा माणूस, पोटात एक ओठात एक कधी जमलं नाही. दिपमालानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आबा, रोटाच्या गव्हात देवीचीही मूठ असते का?"

"देवीनी?" आबा हसले. "देवी काय आपला भाऊबंद शे का? मूठ माणूससनी ऱ्हास, बेटा. जित्ता माणूससनी."

त्या रात्री दिपमालाला डोळा लागला नाही. तो मेला नसेल, ही आनंदाची गोष्ट होती ना? मग आनंद का होत नव्हता? दोन वर्षं ती रिकाम्या कपाळानं वर्गात उभी राहिली होती. दोन वर्षं त्याच्या आठवणीनं उशी भिजवली होती. आणि तो कुठेतरी जेवत होता, झोपत होता, हसत होता. पण नुसत्या एका मुठीवरून आईसमान बाईवर एवढा आरोप करायचा? अंदाज चुकला तर या घराचं दार कायमचं बंद. नाही विचारलं तर विधवा की सवाष्ण, हे तिचं तिलाच कधी कळणार नव्हतं.

रविवारी कानबाई बसली. गाणी झाली, आरती झाली, शेजारणी ओटीचं घेऊन परत गेल्या. मग घरच्यांची पानं मांडायची वेळ आली. मंजुळाबाई चुलीपाशी होत्या. आबा आणि कुंदन पाटावर बसले. दिपमाला उठली, फडताळातून एक ताट काढलं आणि कुंदनच्या शेजारी रिकाम्या पाटापुढे ठेवलं. त्यात रोट वाढला. गंगाफळाची भाजी वाढली. वाटीत खीर घातली.

"हाई कोनं ताट?" आबांनी विचारलं.

"किरणचं."

कुंदनचा घास हातातच राहिला. त्यानं आईकडे पाहिलं. फक्त एकदा, पण दिपमालाला तेवढं पुरलं. यालाही माहीत होतं.

आबांचा आवाज हळवा झाला. "बेटा, मरेल माणूसले कानबाईना रोट नही वाढतस."

दिपमाला जळगावची, सासरची बोली तिला समजायची पण तिनं ती कधी तोंडात घेतली नव्हती. आज ती आपसूक आली. "मरेल माणूसले नही वाढतस, आबा. म्हनीसनच वाढं." मग ती सासूकडे वळली. "आई, मी चुकत असेन तर हे ताट उचला. देवीसमोर उचला, आणि म्हणा, किरण मेला. मी तुमचे पाय धरून माफी मागेन."

मंजुळाबाई उठल्या. दोन पावलं आल्या, वाकल्या, ताटाच्या काठाला बोटं लागली. पलीकडे पाटावर फुलांत मढलेली कानबाई सगळं बघत होती. बोटं तशीच राहिली. मग त्या तिथेच, ताटापुढे, मटकन खाली बसल्या.

"जित्ता शे," त्या म्हणाल्या. "सुरतमा शे. दुसरी बाईसंगे. त्याना फोन उना व्हता, माले मरेल समज म्हने, मी परत येत नही."

"आणि तुम्ही समजलात!" दिपमालाचा आवाज फाटला. "मला का मारलंत त्याच्याबरोबर?"

"मारं नही, झाकं तुले." मंजुळाबाई पदरात तोंड घालून रडू लागल्या. "टाकेल बाई म्हनी जग थुकतं तुन्हावर. विधवाले लोके दया ते करतस. पोलिसेसनी प्रेत दखाडं, आन मन्हा तोंडमाईन निंघी गयं, हाऊच मन्हा लेक. बठ्ठा जगशी खोटं बोलनू, माय. पन जित्ता पोरनी मूठ कशी नही काढू? त्याले काही व्हई जातं तं?"

दिपमालाला ओरडायचं होतं, ते ताट भिंतीवर भिरकावायचं होतं. पण तिचं लक्ष आबांकडे गेलं. लेकासाठी त्यांनी डोकं आणि मिशी उतरवली होती, नदीकाठी तीन फेऱ्या मारून मडकं फोडलं होतं. ते आता आपल्याच तळहाताकडे बघत होते.

"मंग मी कोनले अग्नी दिन्हा?"

कुंदन मान खाली घालून बसला होता. दिपमालानं फोटो ओसरीवरून काढून आणला आणि त्या ताटाशेजारी पालथा ठेवला. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या तुम्ही आणि मी पोलीस ठाण्यात जाऊ, आबा," ती म्हणाली. "ज्याला तुम्ही अग्नी दिलात, त्याची माय अजून त्याच्या नावाची मूठ काढत असेल."