चार बोटांची फट

सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिकच्या छोट्या रणगाड्यांची किट बनवणाऱ्या त्या कारखान्यात वर्षाला एकच नवा रणगाडा निघायचा. लढाईतल्या कुठल्या गाड्याचं नशीब उजळायचं, ते बैठकीत हात वर करून ठरायचं. आरेखक अकरा वर्षं दुसऱ्यांनी निवडलेले गाडे निमूटपणे रेखाटत आला होता. यंदा मात्र त्याने स्वतःचा उमेदवार उभा केला होता, सासऱ्यांचा रणगाडा. सासरे तरुणपणी त्यातली तोफ डागायचे, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कोणी कधी विचारलं नव्हतं.

जावयाने विचारलं, तेही मापापुरतं. दुसऱ्या एका कंपनीच्या किटमध्ये तोफ आडवी वळवली तरी चालकाच्या डोक्यावरचं झाकण सताड उघडायचं; खऱ्या गाड्यात ते तोफेच्या नळीला अडतं. आरेखक त्यावर नाकाने कांदे सोलत असे. मागच्या रविवारी दुपारी सासरे मटार सोलत बसले असताना त्याने विचारलं, "बाबा, नळी झाकणावर आली की झाकण किती उघडायचं हो?"

सासऱ्यांनी चार बोटं जुळवून समोर धरली. "एवढं."

जावयाने खिशातली मोजपट्टी काढून ती बोटं मोजली. सत्तर मिलिमीटर भरली. पस्तीसपट लहान किटमध्ये नेमके दोन. स्वारी इतकी खूश झाली की सासरे मटार तसेच टाकून आत गेले, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

कारखान्याच्या मालकीणबाईंना ही दोन मिलिमीटरची गोष्ट फारच आवडली. "प्रत्यक्ष माणूसच आणा की बैठकीला!" त्या म्हणाल्या. सासरे नाही म्हणत होते. "माझ्यासाठी या, बाबा," असं म्हणून जावयाने गळ घातली. इस्त्रीचा शर्ट घालून ते आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"आजोबा, इतकं अचूक कसं हो लक्षात राहिलं?" मालकीणबाईंनी कौतुकाने विचारलं.

सासऱ्यांनी पुन्हा चार बोटं जुळवली. "गाडा पेटला तेव्हा मी वरून बाहेर पडलो. तोफ आडवी अडकलेली. आमचा चालक खाली. माझा हात एवढाच आत जायचा. त्याने आतून बोटं धरली होती. मग सोडली."

तीच बोटं आपण मोजपट्टी लावून मोजली होती, हे आरेखकाला आठवलं. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

मालकीणबाईंनी समोरचा आराखडा पुढे ओढला. "मग... किटमध्ये ते झाकण उघडं ठेवायचं की बंद?"

"दोन मिलिमीटर उघडं," आरेखक म्हणाला. अकरा वर्षांची सवय. शब्द तोंडातून निसटले आणि मग त्याने ते ऐकले.

सासऱ्यांनी होकारार्थी मान डोलावली. "बरोबर सांगतायत जावईबापू."

हात वर झाले, एकूण एक. वर झाला नाही तो फक्त आरेखकाचा.

जिना उतरताना सासऱ्यांनी कठड्याऐवजी त्याचा दंड धरला, चार बोटांनी.

"झालं ना तुमचं काम?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं.