पाखऱ्याचे चारी बाजूंचे फोटो

सुनेने बैलाचा फोटो काढला, इथवर ठीक होतं. हल्ली पोरी पोह्यांच्या बशीचेही फोटो काढतात. पण आकांक्षाने पाखऱ्याचा समोरून काढला, मागून काढला, डाव्या अंगाने काढला, उजव्या अंगाने काढला, आणि मग जीव मुठीत धरून त्याचा ओठ वर करून दातांचाही काढला. तेव्हा ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या किसनरावांच्या मनात पाल चुकचुकली.

बार्शीटाकळीच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, चार बाजू आणि दात एवढे फोटो कशाला लागतात. बैलबाजार आता मोबाइलवर आलाय. घेणारा आधी दात पाहतो, मग चारही अंगं, आणि मगच तोंड उघडतो. पाखऱ्याचा जोडीदार गेल्या वर्षी गेला, शेत आता ट्रॅक्टरने होत होतं. पाखऱ्या नुसता खात होता आणि किसनराव नुसते त्याच्याकडे पाहत होते. मुलगा अमोल अकोल्याला कारखान्यात जायचा. तो एकदा म्हणालाही होता, “बाबा, याले अजून कितीक दिवस पोसता?” त्यावर किसनराव आठ दिवस मुलाशी बोलले नव्हते.

तसे किसनराव स्वभावानेच संशयी. दूधवाल्याचं माप ते बोट बुडवून पाहत, आणि लग्नाची पत्रिका आली की आपलं नाव मागाहून तर घातलं नाही ना, हे शाईवरून ठरवत. अशा माणसाच्या घरात अमरावतीची शिकलेली सून आली, लॅपटॉप घेऊन आली आणि रोज दुपारी दार लोटून त्याच्यापुढे बसू लागली. संशयाला दुसरं खाद्य कशाला पाहिजे?

दुसऱ्या दिवशी ती शिवणाचा टेप घेऊन गोठ्यात शिरली.

“काहून मोजून राहिली त्याले?” किसनराव मागे येऊन उभे राहिले.

ती दचकली. “असंच, मामाजी. मानेपासून वशिंडापर्यंत किती भरते ते पायत होती.”

“झूल शिवतं का?”

“हो... म्हणजे नाही.”

सासऱ्याला एवढंच पुरे होतं. त्यांनी बायकोला गाठलं. माणिकबाई तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूपही खाली ठेवलं नाही. “तुमाले तं देवातही चोर दिसते. पोरगी कंप्यूटरवर काईतरी शिकून राहिली, शिकू द्या ना.”

“बैलाचे दात पाहून कोनतं कंप्यूटर शिकतात?”

माणिकबाई पाखडतच राहिल्या. आणि खरं सांगायचं, तर प्रश्न काही वेडगळ नव्हता.

गुरुवारी मात्र कोर्टात चालेल असा पुरावा हाती आला. न्हाणीमागे उभी राहून आकांक्षा अमोलशी फोनवर बोलत होती. “मामाजींले आत्ताच सांगू नका हो. पुरं झालं की मंगच सांगू. पन पोळ्याच्या आत झालं पायजे.” भिंतीआड किसनरावांनी शब्दन् शब्द ऐकला. म्हणजे मुलगाही सामील! पोटचा पोरगा! पोळ्याच्या आत बैल विकायचा, म्हणजे सणाला म्हाताऱ्याने रिकाम्या खुंट्याची पूजा करायची.

सगळ्या जगात किसनरावांच्या संशयाबाहेर एकच माणूस होता, परतवाड्याचा त्यांचा मेहुणा देवीदास. कारण उघड आहे. किसनरावांनी कुणावरही संशय घेतला, की देवीदास म्हणायचा, “बराबर आहे, भाऊजी.” असा माणूस कुणाला आवडणार नाही?

शनिवारी आकांक्षा दोन दिवसांसाठी माहेरी गेली आणि तिसऱ्या प्रहरी किसनरावांच्या निरोपावरून देवीदास छोटी मालगाडी घेऊन दारात हजर झाला. “बराबर केलं, भाऊजी. आजकालच्या पोरीईचा भरोसा नाही. माह्या वावरात राहीन तो आरामात.” माणिकबाई कुरकुरल्या, पण भाऊ त्यांचाच, बोलणार काय? पाखऱ्या गाडीत चढेना. दोघा गड्यांनी रेटलं तरी चढेना. शेवटी किसनरावांनी स्वतः कासरा धरला, तेव्हा तो त्यांच्या मागोमाग मुकाट वर गेला. वाचवतोय आपण याला, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं.

सोमवारी आकांक्षा परतली ती पिशवी हातात घेऊनच गोठ्यात गेली. “मामाजी, पाखऱ्या कुठी आहे?”

“चाऱ्यासाठी धाडला, देवीदासकडे.”

तिचा चेहरा उतरला. मोडला सौदा, किसनराव मनात म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना सुपारी गोड लागली.

“कधी आनता?”

“घाई कायची? कोनी येनार हाय का त्याले पायाले?”

टोमणा तिला कळलाच नाही. ती घरात गेली आणि लॅपटॉप उचलून ओसरीवर घेऊन आली. सोबत लॅपटॉपला जोडलेली एक काळी पाटी आणि पेन. “मंग आता अर्धाच दाखवा लागन तुमाले. हासू नका बरं. पयला केलता तो वांग्यासारखा झाला. तुमचे चिरंजीव चार दिवस हासले मले, म्हनून म्हटलं पुरा झाल्याबिगर कोनाले दाखवायचाच नाही.”

पडद्यावर पाखऱ्या उभा होता. रंग नव्हता, नुसती राखाडी माती. तिने पाटीवर पेन फिरवला तसा तो सावकाश वळला, पाठ दाखवली, शेपूट दाखवलं, पुन्हा तोंडावर आला. आकांक्षा सांगत होती. आधी कंप्यूटर नुसता एक गोळा देतो. तो पेनाने ओढायचा, दाबायचा, चोळून गुळगुळीत करायचा, हात मात्र कोरडेच राहतात. पाच महिने ती हे हिंदी व्हिडिओ पाहून शिकत होती. पण व्हिडिओतले बैल सगळे परदेशी, वशिंडच नसलेले. मग टेप घेऊन गोठ्यात जाण्यावाचून गत्यंतर काय होतं? आणि दात पाहिल्याशिवाय जबडा बसत नव्हता.

किसनरावांनी चष्मा लावला आणि सवयीने आधी खोट शोधली. सापडलीही. “हे चुकलं. मानीवरचा घट्टा दोनी बाजूले काहून? जोडीदार उंच होता त्याचा. जू डावीकडे कलत होतं. घट्टा डावीकडेच हाय.”

आकांक्षाने कपाळावर हात मारला. “यात एका बाजूले केलं की दुसऱ्या बाजूले आपोआपच होते, मामाजी. ते बंद कराचं राहून गेलं.” तिने उजवा घट्टा हलक्या हाताने पुसून काढला. आणि आतापर्यंत जो कुणाचाही बैल वाटला असता, तो पाखऱ्या झाला. किसनरावांचा हात आपसूक पुढे गेला, बोटं काचेला लागली.

“पाहा, तुमाले किती मालूम आहे!” ती खुलली. “उद्या त्याले घेऊनच या. त्याच्यापुढं बसून बाकीचं करतो. अमरावतीले याची हातभर उंच मूर्ती छापून देतात. यंदा जोडी नाही म्हनून तुमी पोळ्यात जात नव्हते ना? याले घेऊन जाजा संग.”

किसनराव उठून अंगणात गेले. देवीदासला फोन लावला.

“भाऊजी, तो तं गेला.”

“कुठी गेला?”

“काल एक मानूस आलता. म्हने सांभाळतो. देऊन टाकला. तुमालेच तं घरी नोको होता?”

“नाव काय त्याचं?”

“नाव नाही इचारलं, भाऊजी.”

किसनराव फोन खिशात घालून ओसरीवर परतले. सूनबाई पेन सरसावून बसली होती. “काय म्हनले देवीदासमामा?”

चाऱ्याची थाप पुन्हा जिभेवर आली होती. ती गिळून त्यांनी सगळं सांगितलं. “देवीदासनं कोनाले तरी देऊन टाकला. अन् देवीदासले मी देल्ला. तू इकून राहिली असं वाटलं मले.”

“मी?” आकांक्षा म्हणाली.

ती रडली नाही, भांडली नाही. स्वयंपाकघरातून माणिकबाईंचा आवाज चढू लागला होता, भावाचा उद्धार सुरू झाला होता. आकांक्षाने लॅपटॉप मिटला.

“सकाळी लवकर उठा, मामाजी. अकोल्यावरून परतवाड्याची पयली गाडी धरू. दोघं मिळून हुडकू त्याले. मी येतो तुमच्यासंग.”

आणि एवढं सगळं होऊनही किसनरावांच्या मनात आलंच, ही एवढी चांगली काहून वागून राहिली, काय पायजे असन हिले? विचार पुरता येण्याआधीच त्यांनी मान खाली घातली. त्यांना स्वतःची शिसारी आली, आणि सुनेकडे त्यांना पाहवेना.