प्लंबरचा क्रूस

प्लंबर कोणाच्या बापाला घाबरणारा नव्हता, पण संडे स्कूलच्या बाईंपुढे त्याची बोबडी वळली. कारणही तसंच होतं. बायको जाऊन तीन महिने झाले होते आणि मेव्हणीनं बजावलं होतं, की ताईला पोर चर्चच्या वळणात वाढवायची होती. जमत असेल तर ठेवा, नाहीतर मी घेऊन जाते. मेव्हणी बोलते ते करते, हा साऱ्या घराचा अनुभव.

त्या रविवारी प्रत्येक कुटुंबानं घरी क्रूस बनवून आणायचा होता आणि त्याचा अर्थ सगळ्यांपुढे सांगायचा होता. कोणी काड्यांचा आणला, कोणी पुठ्ठ्याचा. प्लंबरनं अर्ध्या इंचाच्या पाइपचा आणला. मध्ये चौतोंडी जोड, चारही टोकांना टोपणं, आत पाणी भरून दोन तास तपासलेला. न तपासता काम द्यायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. पाणी काढायचं मात्र राहिलं होतं, त्यामुळे क्रूस हातात घेताच वजनानं बाईंचा हात खाली गेला.

"याचा अर्थ काय?" बाईंनी विचारलं.

लेकीनं आठवडाभर त्याच्याकडून चार ओळी घोकून घेतल्या होत्या. ऐन वेळी त्या कुठे गडप झाल्या, देव जाणे.

"गळत नाही," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही, कारण मागच्या बाकावर मेव्हणी हाताची घडी घालून बसली होती. प्लंबरनं घसा खाकरला.

"अर्थ हिच्या आईला ठाऊक होता. ती दर रविवारी चला म्हणायची, मी म्हणायचो काम आहे. मला एवढंच कळलंय, की प्रभू क्रूसावर होता तेव्हा त्याची आई खाली उभी होती. हलली नाही. हिची आई गेली तेव्हा मी कोणाच्या तरी बाथरूममध्ये नळ बसवत होतो. फोन वाजत होता. मी उचलला नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीनं त्याची बाही ओढली.

"आईला माहीत होतं, बाबा. ती मावशीला म्हणाली, त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांचे हात ओले असतील."

हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारी मेव्हणी मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती.

अर्थ समजावून सांगायला बाईंनी अर्धा तास राखून ठेवला होता. त्यांनी वही मिटली.

वर्ग सुटल्यावर मेव्हणीनं नाक पुसलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "भाऊजी, पुढच्या रविवारी हिला वेळेवर आणा. वेणी नीट घालून."

आणि ती एकटीच घरी गेली.