रंगाऱ्याचा घोडा आणि छतावरचा जोड

मी एक जुना घोडा आहे. हसलात ना? हसा, हसा. मला शेपूट नाही, खिंकाळता येत नाही आणि गवत तर मी जन्मात चाखलेलं नाही. दोन बाजूंना पाय फाकवून उभ्या राहणाऱ्या ज्या लाकडी शिडीवर चढून रंगारी छत रंगवतात, तिला ते घोडा म्हणतात. मित्रांनो, तोच मी.

मला एका सुताराने घडवलं. माणूस महाचिडका, पण हात सोन्याचा. त्याने माझ्या पायऱ्या खिळे ठोकून नाही, खाचा पाडून बसवल्या. माझे पाय जास्त फाकू नयेत म्हणून मध्ये एक जाड दोरी बांधली आणि माझ्या मालकाला, म्हणजे तेव्हाच्या कोवळ्या रंगाऱ्याला बजावलं, "लाकूड तुला दगा देणार नाही. दोरीकडे मात्र लक्ष ठेव. वरून धडधाकट दिसते आणि आतून कुजते." रंगाऱ्याने "हो काका" म्हणून मान डोलावली आणि दारातून बाहेर पडेपर्यंत विसरूनही गेला.

छत रंगवण्याचा एक नियम असतो. ओली कड सुकू द्यायची नाही. एक पट्टा ओला आहे तोवर दुसरा त्याला भिडवायचा. मध्येच थांबलात तर तिथे जोड दिसतो, आणि जोड दिसला की रंगाऱ्याची अब्रू गेली. म्हणून माझा मालक खाली उतरतच नसे. माझ्या दोन्ही अंगांना पाय टाकून, कमरेला हिसके देत तो मला वरूनच चालवायचा. टक, टक, टक! लोक तोंडात बोट घालून बघत राहायचे. शेवटी कौतुक व्हायचं ते छताचं. माझ्याकडे कोण बघतो? पण तो निघताना माझ्या पाठीवर थाप मारून "शाब्बास रे घोड्या" म्हणायचा, तेवढ्यावर माझं पोट भरायचं.

तेव्हा तो एकटाच एका गोदामात राहत होता. मी त्याच्या खाटेशेजारी उभा असे. आठवडाभर राबायचा आणि सुट्टी लागली की मित्रांबरोबर नाचायला जायचा. नाचावं की! माझी कुठे ना होती? पण तिथे कुणीतरी त्याच्या हातावर पांढरी पूड ठेवली. ती नाकात ओढली की म्हणे झोप पळते, भूक पळते, दहा जणांचं बळ येतं. गंमत म्हणून एकदा झालं, मग दर सुट्टीला व्हायला लागलं. सकाळी परत आला की तो माझ्या पायरीला छाती टेकून उभा राहायचा. आत नुसता धुमाकूळ! माझं लाकूड थरथरायचं. मला त्याचा राग यायचा आणि तितकीच कीवही यायची. मला तोंड असतं तर चांगलं झापलं असतं त्याला.

काही वर्षं हे असंच चाललं. मग एका सकाळी तो माझ्या खालच्या पायरीवर मटकन बसला. घामाने भिजलेला, हात छातीवर, चेहरा पांढराफटक. "आई गं," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून त्याने ती पूड सोडली ती सोडलीच. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण ही गोष्ट त्याने मनाच्या तळाशी दडपून टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं.

पुढे त्याचं लग्न झालं. बायको आली, तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अहो, ही काय दोरी आहे? दोन दिवसांत जीव सोडेल!" लगेच नवी दोरी बांधली. झालं, मी तिचा भक्तच झालो. ती रंग कालवायची, माझे पाय धरून खाली उभी राहायची आणि अखंड बोलायची. वरून तो "हं, हं" करायचा. सुखाचे दिवस होते ते.

मग आम्हाला एका डॉक्टर मॅडमच्या दवाखान्याचं काम मिळालं. छत उंच होतं. अर्धं झालं असेल नसेल, तेवढ्यात माझ्या वरच्या पायरीला त्याची छाती टेकली आणि मी दचकलो. तोच जुना धुमाकूळ! पण बाबा काही उतरेना. कड सुकेल ना! सगळं छत संपवून खाली आला आणि भिंतीला टेकला. मॅडम धावत आल्या. त्याला झोपवून त्यांनी कार्डिओग्राम काढला आणि यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी निरखली.

"पट्टी तशी बरी दिसतेय," त्या म्हणाल्या, "पण तुमचे ठोके मला आवडत नाहीत. पूर्वी कधी नशेचं काही घेत होता?"

त्याने बायकोकडे चोरून पाहिलं. "छे हो मॅडम! मी तर चहासुद्धा पाणचट पितो."

काय ही थाप! खरं काय ते मला ठाऊक होतं, पण माझा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत भिंतीवर ओलीचा डाग निघाला. मॅडमना घाई होती. "वरून रंग मारून टाका," त्या म्हणाल्या. आमचा रंगारी एकदम ताठ झाला. "मॅडम, असलं काम मी करत नाही. ओल आतून आहे. आधी खरवडायचं, पाणी कुठून येतंय ते शोधायचं. झाकलं तर भिंत आतल्या आत पोखरते."

खाली रंग कालवणाऱ्या बायकोचा हात थांबला. "अहो, आणि तुमचं काय?"

"माझं काय?"

"गोदामात राहत होता तेव्हाच्या त्या पुडीचं. तुमच्या मित्राने लग्नाआधीच सांगितलं होतं मला. सगळं ऐकून मी हो म्हटलंय. तेव्हापासून वाट बघतेय, तुम्ही कधी सांगता ते." तिने कालवायची काठी खाली ठेवली. "मला तुमची लाज नाही वाटत हो. भीती वाटते."

तो माझ्या पायरीवर बसला आणि बांध फुटावा तसा रडला. मग मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "तुम्हाला रागवायला नव्हतं विचारलं," त्या म्हणाल्या. "त्या पुडीने हृदयाचा स्नायू दुखावू शकतो. सोडून वर्षं झाली तरी खूण राहू शकते, आणि ती या पट्टीत दिसेलच असं नाही. आता नीट शोधू."

मोठ्या दवाखान्यात इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदय रक्त ढकलायला थोडं कमी पडत होतं. पुडीमुळेच का, हे ठामपणे कुणाला सांगता आलं नाही. पण वेळेवर कळलं होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि माझ्यावर चढायला बंदी आली. मला वाटलं, संपलं, आता आपली रवानगी अडगळीत.

पण कुठलं काय! आता बायको वर चढते. तो खाली माझे पाय धरून, पायरीला छाती टेकून उभा राहतो आणि अखंड बोलतो. "अगं, कोपरा राहिला! अगं, ब्रश निथळ!" वरून ती "हं, हं" करते.

परवा एका शाळेचं छत अर्धं झालं होतं. अचानक त्याच्या छातीत फडफड सुरू झाली. मी जीव मुठीत धरून उभा. आता हा गप्प बसणार का?

"अगं," तो म्हणाला, "जरा खाली ये. धडधडतंय."

तिने ब्रश बादलीत टाकला आणि सरसर उतरली.

"कड सुकेल गं," तो पुटपुटला.

"सुकू दे," ती म्हणाली आणि त्याचा हात हातात घेऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं केलं. हळूहळू ठोके निवळले आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्या छतावर मधोमध एक जोड आहे. बघणारे नाक मुरडतील. मुरडू देत. आम्हा तिघांचं ते सगळ्यात चांगलं काम आहे.

मित्रांनो, तुमच्या माणसाच्या छातीत काही दडलं असेल आणि तो गप्प असेल, तर त्याला रागावू नका. शेजारी बसा आणि विचारा. आणि जाता जाता माझी दोरीही एकदा बघून घ्या. तिने नवीच बांधली आहे म्हणा, पण कुणी विचारलं की बरं वाटतं.