धुऊन वाळवलेलं नेटवर्क

आमच्या घरी दसरा काढतात तेव्हा भिंतीवरची पालसुद्धा अंघोळ केल्याशिवाय सुटत नाही. घट बसायच्या आधी घरातली गोधडी न् गोधडी, चादर न् चादर, डबे, बरण्या, पाट, पराती सगळं अंगणात येतं आणि धुऊनच परत आत जातं. नळाला पाणी येण्याचा दिवस धरून सासूबाई ही मोहीम आखतात. त्या दिवशी त्यांच्या वाटेत उभं राहायची हिंमत सासऱ्यांतही नसते. सासूबाईंचं नाव वच्छला, मी त्यांना आत्या म्हणते. बाई मायाळू आहेत, पण हातात साबण आला की त्यांना नातंगोतं दिसत नाही.

हे आधी सांगितलं, कारण यंदा त्यांनी माझं नेटवर्क धुतलं.

थट्टा करत नाही. माझ्या खोलीत भांड्यांची एक जुनी लोखंडी मांडणी होती आणि तिच्यावर भांड्यांऐवजी दोन राऊटर आणि तीन स्विच होते. सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या एका भंगारवाल्याकडून एकेक करून आणले होते. कुठल्यातरी बंद पडलेल्या कॉलेजातून निघालेला माल. सुरू केले की त्यांचे पंखे असे घोंगावत, की शेजारच्या मायाक्का काकूंना वाटलं आम्ही पिठाची गिरणी टाकली. दळण घेऊन यायच्याच बाकी होत्या.

मला नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा द्यायची होती. लग्नाआधी मी इथल्याच एका इंटरनेट पुरवणाऱ्या ऑफिसात फोन उचलायचे. "नेट चालत नाही" हे वाक्य मी सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांत ऐकलंय, मराठी, तेलुगू, कानडी, दखनी. एकदा म्हटलं, मलाही आतलं काम शिकवा. साहेब हसले, म्हणाले, मुलींनी फोनवर गोड बोलावं, वायरी पोरं बघतील. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही आणि जाऊही नये. परीक्षा पास झाले, तर घरी बसून दुसऱ्या गावांची नेटवर्कं सांभाळायची नोकरी मिळते. मला ती हवी होती. फोन उचलायची नव्हे, वायरींची.

नवरा पुण्याला असतो, दिग्विजय त्याचं नाव. तो म्हणाला, लॅपटॉपवर सगळं खोटं खोटं करता येतं की, हे धूड कशाला? मी म्हटलं, लॅपटॉपवरची केबल कधी सैल होत नाही. पोहायला शिकायचं तर विहिरीत उतरावं लागतं, विहिरीचा फोटो बघून भागत नाही. त्यानं विषय बदलला. विषय बदलणं त्याला चांगलं जमतं.

त्या मांडणीवर मी काय करायचे, तेही सांगते. एकाच स्विचला, म्हणजे पुष्कळ यंत्रं एकत्र जोडणाऱ्या डब्याला, जोडलेल्या यंत्रांचे वेगवेगळे गट पाडायचे. मग ती यंत्रं एका डब्याला जोडलेली असून एकमेकांशी बोलत नाहीत, एकाच घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखी. त्यांना बोलायचं असेल, तर मधे एक मावशी लागते, निरोप इकडून तिकडे नेणारी. ती मावशी म्हणजे राऊटर. कुणाचा निरोप कुठल्या वाटेनं जातो हे कळावं म्हणून प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. अख्खा उन्हाळा त्यात गेला होता.

आणि याच सुमारास सासऱ्यांनी माझी सोय लावून टाकली. सासरे म्हणजे तात्याबा, मी त्यांना मामा म्हणते. आमचं मूळ गाव मोहोळजवळ, शेती तिथंच. मोहोळच्या बाजारात त्यांनी खत-बियाणांच्या दुकानासाठी गाळा घेतला होता आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडायचा बेत होता. गल्ल्यावर कोण बसणार? सून, म्हणजे मी, दिपाली. गाडीनं रोज त्यांच्याबरोबर जायचं, संध्याकाळी यायचं. सगळ्या पाव्हण्यांना हे सांगून झाल्यावर मला सांगण्यात आलं.

"एवढा कंप्युटर शिकलीस, बिलं कर की," मामा म्हणाले. त्यांच्या मते हा माझा सन्मान होता.

मी म्हटलं, दसरा झाला की पुण्याला माझी परीक्षा आहे आणि त्यानंतर मी नोकरी करणार आहे. ते म्हणाले, नोकरी घरचीच हाय की. दिग्विजयला फोन केला, तर तो म्हणाला, बाबांचं ऐक आणि अभ्यासही कर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

दसरा काढायच्या दिवशी मी मोडनिंबला माहेरी गेले होते. आईचे गुडघे दुखतात, तिच्या गोधड्या धुवायला मीच लागते. निघताना आत्यांना सांगितलं, "माझी खोली तेवढी राहू द्या." चूक तिथं झाली. आमच्याकडं सून "राहू द्या" म्हणते, तेव्हा तो संकोच असतो. जेवताना "पुरे" म्हणण्यासारखा. त्यावर सासू दुप्पट वाढते. आत्यांना वाटलं, पोरगी आपल्याला त्रास नको म्हणून म्हणतेय. त्यांनी माझी खोली सगळ्यांत आधी काढायला घेतली.

परत आले, तर गच्चीवर सोलापुरी चादर अंथरलेली आणि तिच्यावर माझे पाचही डबे ओळीनं उन्हात ठेवलेले. स्वच्छ. मला ते इतके स्वच्छ कधीच दिसले नव्हते. एकाच्या जाळीतून अजून पाणी ठिबकत होतं. शेजारी केबली, लोकरीच्या गुंड्यांसारख्या नीट गुंडाळलेल्या, आणि त्यांच्यावर एकही चिठ्ठी नव्हती.

"लई चिकाट होत्या," आत्या कौतुकानं म्हणाल्या. "गरम पाण्यात भिजवून काढल्या बग. अन् डब्यात किती धूळ गं ती! टबात बुडवून काढलं, तवा कुटं पाणी नितळ आलं."

मी ओरडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, आणि असं ओरडले की मायाक्का काकू त्यांच्या गच्चीवर आल्या. काय बोलले ते सगळं आठवत नाही. विजेची वस्तू पाण्यात घालतं का कुणी, माझं वर्ष बुडवलंत, असंच काहीतरी. आत्यांच्या हातात पिळलेलं फडकं होतं. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं आणि त्यामुळं आणखीनच राग आला.

आवाज ऐकून मामा वर आले. त्यांनी चादरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"झालं ते बरं झालं. देवीनंच कौल दिला म्हणायचा. आता गुमान दुकान बगा."

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या. आवाज चढला नव्हता, पण तो सूर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"देवीचं नाव घेऊ नगा. धुतलंय म्या. आन् म्या धुतल्यालं आजवर काय बी बिगडलं न्हाय. ह्ये बी बिगडणार न्हाय."

मामा खाली गेले. मी आत्यांना सांगितलं, की साबणाच्या पाण्यातून निघालेलं यंत्र ओलं असताना चालू केलं तर जळतं. आतला थेंब न् थेंब वाळला तर मात्र वाचू शकतं. वाचेलच असं नाही. त्या म्हणाल्या, वाळवणं माझ्याकडं लागलं.

मी स्क्रू काढून सगळ्यांची झाकणं उघडली. घट बसले, रूपाभवानीच्या देवळाच्या वाटेवर गर्दी सुरू झाली, आणि आमच्या गच्चीवर आत्या कुरडया वाळवाव्यात तसे राऊटर वाळवत होत्या. ऑक्टोबरचं ऊन सोलापूरचं, त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. ऊन फिरलं की त्या चादर फिरवत. कावळा बसू नये म्हणून वर जुनी ओढणी ताणलेली. उतरत्या उन्हात सगळं आत आणत. मायाक्का काकूंनी विचारलं, हे काय वाळवताय, तर म्हणाल्या, सुनेचं सामान हाय. उपास त्यांचा, वर ऊन, आणि त्या हलायला तयार नाहीत. मी सावलीत बसा म्हटलं की "राहू दे" म्हणायच्या. मी छत्री नेऊन दिली.

मी खाली बसून कागदावर माझं सगळं नेटवर्क परत काढत होते. चिठ्ठ्या गेल्याच होत्या. पहिला दिवस रडण्यात गेला. नंतर हात चालायला लागला आणि मला दिसलं, की कुठली केबल कुठून कुठं जाते हे मला बघावं लागतच नाही. नकाशा डोक्यात होता. मला इतकं बरं वाटलं, की मी तो कागद फाडून परत पहिल्यापासून काढला.

खंडेनवमीला मामांनी देवापुढच्या पाटावर दुकानाचा नवा वजनकाटा आणि बिलाचं मशीन मांडलं. मला म्हणाले, पूजा तू कर, बसणार तू हाईस. तेवढ्यात आत्या माझा एक राऊटर घेऊन आल्या, काट्याशेजारी ठेवला आणि त्याला बोटभर हळदकुंकू लावून मोकळ्या झाल्या. एकदा हळदकुंकू लागलं की पूजा उतरेपर्यंत पाटावरची वस्तू कुणी हलवत नाही, मामाही नाही. त्यांनी मान खाली घालून फूल वाहिलं. त्या दिवशी पूजलेलं औजार चालवायचं नसतं, म्हणून मीही काही चालू केलं नाही. भांडण माझं मामांशी होतं, रीतीशी नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात गाडीला झेंडूचा हार घालून झाला होता. मामा फेटा बांधत होते. मोहोळला पाव्हणे जमले होते आणि मुहूर्त दुपारच्या आतला होता. मी झाकणं बसवून सगळं मांडणीवर चढवलं. आत्या नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या.

पहिला स्विच मेलेला निघाला. बटण दाबलं, काहीच नाही. आत्यांनी माझ्या दंडाला धरलं, बोटं चांगलीच रुतली. दुसऱ्याचं बटण दाबलं, तर पंखा खरखरला, थांबला आणि मग असा घोंगावला की मामांनी अंगणातून आत बघितलं. दिवे पिवळे लागले आणि हिरवे झाले. तिसराही लागला. मग दोन्ही राऊटर. मी आठवणीतून केबली लावल्या आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निरोप पाठवला. उत्तर आलं. परत पाठवला, परत आलं. मला हसू आवरेना.

"चला आता, मुहूर्त टळतोय," मामा दारात येऊन म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "मी येणार नाही, मामा. आज नाही आणि उद्याही नाही. मी परीक्षा देणार आहे."

"सगळ्यांस्नी शब्द दिलाय म्या."

"तुम्ही दिलाय. मला कुणी विचारलं नव्हतं."

ते लाल झाले. घराची अब्रू, पाव्हण्यांपुढची शोभा, शिकलेल्या सुनांची तोंडं, सगळं बोलून झालं. मी खाली बघितलं नाही. शेवटी ते म्हणाले, मग गल्ल्यावर काय रिकामी खुर्ची ठेवू?

"मी बसते की," आत्या म्हणाल्या.

मामांना आधी ऐकूच आलं नाही, पंखे मोठे होते. आत्यांनी परत सांगितलं.

"तुला काय येतंय?"

"पोत्यावरचं वाचाय येतंय. हिशोब तोंडपाठ हाय, घर कुणी चालवलं मग? मशीन दिपाली शिकवंल. लग्न करून आल्यापासनं हे घर धुतीय म्या. मला कुणी कवा इचारलं, की तुला कुटं बसावं वाटतंय?"

"अन् घरचं कोण बगणार?"

"धुऊन ठिवलंय. पुढच्या दसऱ्यापत्तुर मळत न्हाय."

या घरात आल्यापासून मला काय हवं ते मी कितीदा तरी ओरडून सांगितलं होतं. या बाईलाही काही हवं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आत्यांनी चपला घातल्या, अंगण ओलांडलं आणि गाडीचं पुढचं दार उघडून मामांच्या शेजारच्या जागेवर बसल्या. पदर सारखा केला. मामांनी हार सरळ केला, उगाच एक टायर बघितलं आणि गाडीत बसले.

मी काचेपाशी गेले. म्हटलं, आत्या, संध्याकाळी लवकर या.

त्यांनी काच आणखी खाली केली आणि मामांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "पास हो. नापास झालीस, तर तुला तितं बसवतील आन् मला परत हितं आणतील."

गाडी निघाली. मी आत आले आणि सगळ्या केबली उपसून पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतल्या.