बायकोचे एकेचाळीस शब्द

माझं काम सोफे दुरुस्तीचं. लोकांच्या बुडाखाली काय काय सापडतं ते मला विचारा. शाळा म्हणाल तर सातवीपर्यंत, तीही मागच्या बाकावर. त्यामुळं पोरीनं एम.एस्सी.चं काढलं तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला, की एक डिग्री झाल्यावर शिकायचं उरतं काय?

"किडे, बाबा," ती म्हणाली. "पिकावरच्या किड्यांचा अभ्यास."

"घरातली झुरळं पुरली नाहीत का?"

हसली. पण कॉलेज दुसऱ्या शहरात, रेल्वेनं अठरा तास, आणि कोर्स दोन वर्षांचा. जागा मिळाली होती, हॉस्टेल मिळालं होतं, फी माफ होती. फक्त एका शनिवारी पाचच्या आत मोबाइलवरून 'येते' म्हणून कळवायचं होतं.

अडचण होती तिच्या आईची.

माझ्या बायकोला वर्षापूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं विस्कटलं. पूर्वी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मी शिलाई मशीन सुरू करायचो, तेवढाच आडोसा. आता शब्द यायचे, पण भलतेच. पाणी हवं असलं की म्हणायची 'चमचा'. खिडकी उघड म्हणायला 'पेटी'. मला म्हणायची 'कपाट'. डॉक्टर म्हणाले, मनात सगळं ठीक आहे, फक्त तोंडात येईपर्यंत शब्द बदलतो. हे बदललेलं ओळखायचं कसब एकट्या पोरीला. आई तीन शब्द बोलायची, पोरगी अख्खं वाक्य सांगायची. मी तिला वकीलसाहेब म्हणायचो. आम्हा नवराबायकोचं भांडणसुद्धा तिच्यामार्फत चालायचं.

"आई म्हणतेय दाढी करा, भुतासारखे दिसताय."

"तिला विचार, भुताशी लग्न कुणी केलं?"

बायको अर्ध्या तोंडानं हसायची. ते अर्धं हसू मला पुरायचं.

तर पोरीनं एक वही केली. एका बाजूला आईचा शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ. एकेचाळीस शब्द. म्हणाली, "हे तुम्हाला आलं की मी मोकळी." रोज मी दुकान बंद करून आलो की परीक्षा.

"'टोपी' म्हणजे?"

"ऊन."

"'टोपी' म्हणजे पाठ दुखतेय, बाबा! ऊन म्हणजे 'दोरी'."

मेव्हणा यायचा, चहा पीत हा तमाशा बघायचा. "दाजी, आधी गणितात नापास, आता बायकोत नापास."

खरं सांगतो, पहिले पंधरा दिवस मला खरंच येत नव्हतं. नंतर यायला लागलं. पण 'येतंय' म्हटलं असतं तर पोरगी बॅग भरायला बसली असती. आणि मग त्या घरात मी, ही, आणि एकेचाळीस शब्द. बेचाळिसावा आला तर कुणाला विचारू? धास्तीच घेतली मी. म्हणून चुकत राहिलो. दहातले चार बरोबर, सहा चूक. अगदीच सगळे चुकवले असते तर वकीलसाहेबांना संशय आला असता.

एक शब्द वहीत नव्हताच. 'कात्री'. पोरगी बाहेर गेली की बायको दाराकडं बघायची आणि म्हणायची, "कात्री? कात्री?" मी आपली दुकानातली कात्री आणून द्यायचो. ती डाव्या हातानं कपाळ बडवायची. असं तीनदा झाल्यावर माझ्या टाळक्यात उजेड पडला. कात्री म्हणजे पोरगी. तिनं स्वतःला वहीत घातलं नव्हतं. ती इथं नसणार होती, मग कशाला घालेल? मला ते कळलंय हे मी पोरीला सांगितलं नाही.

तो शनिवार आला. दुपारी मी पलंगाशेजारी बसून एका खुर्चीची गादी शिवत होतो. पोरगी मोबाइल घेऊन आईच्या उशाशी. तीन वाजले, साडेतीन वाजले. शेवटी तिनं मोबाइल खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "आई, जाऊ का मी?"

बायकोनं वेळ घेतला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. मग स्पष्ट म्हणाली, "कात्री... गाडी." आणि डावा हात दाराकडं ढकलून पुन्हा, मोठ्यानं, "कात्री, गाडी!"

मी सुई गादीत खोचली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

पोरगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "विचारतेय, तुमची कात्री गाडीत राहिली का. सकाळी तुम्ही सोफा पोचवायला गेला होतात ना."

वर्षभरात वकीलसाहेब पहिल्यांदा खोटं बोलले. मला एकच शब्द बोलायचा होता. खोटं. एवढाच. माझ्या मांडीवर कात्री होती. ती उचलली आणि बायकोच्या डोळ्यांपुढं धरली.

"ही बघ. इथंच आहे. कुठं जातेय?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. सव्वीस वर्षांचा संसार, तिची नजर वाचायला मला वकील लागत नाही. मला कळलंय, हे तिला कळलं. मग तिनं डोळे मिटून घेतले.

पाच वाजले. पोरीनं मोबाइल चार्जिंगला लावला. "बरंच झालं," म्हणाली, "तिथलं पाणी वाईट आहे म्हणे."

त्यानंतर बायको कमी कमी बोलायला लागली. दोन महिन्यांत पार बंद. डॉक्टर म्हणतात, आतल्या आत आणखी एखादा बारीक झटका येऊन गेला असेल. मी मान हलवतो. तहान लागली की ती पेल्याकडं बघत राहते, आपण ओळखायचं. पोरगी एका औषधांच्या दुकानात लागलीय, फवारणीच्या. कुठल्या किड्याला कुठली पावडर ते गिऱ्हाइकांना सांगते. घरी आली की वही घेऊन आईजवळ बसते. "आई, चमचा? पेटी? बरं, दोरी?" आई छताकडं बघते.

परवा एक मोठा सोफा होता, एकट्याला आवरेना. पोरगी मदतीला आली. मी कापड ओढून धरलं, ती पिना मारत होती. मारता मारता म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं ना? कात्री गाडी."

"हो."

"मला वाटलं तुम्ही म्हणाल, खोटं बोलतेस." तिनं दोन पिना मारल्या. "पाच वाजेपर्यंत वाट बघत होते मी."

माझ्या हातातलं कापड ढिलं पडलं.

"नीट ओढून धरा, बाबा," ती म्हणाली. "सुरकुती पडतेय."