नाण्यावर बोलायचं नाही

"सिक्स्टेन, कॉफी आणू?" तेरेसने दारातून विचारलं.

सिक्स्टेनने उत्तर दिलं नाही. त्याच्या बोटांत नाणं होतं, आणि नाण्यावर बोलायचं नसतं. बोलताना उडालेला थेंब कुणाला दिसतही नाही. चांदीवर तो मुकाट बसून राहतो आणि काही वर्षांनी तिथे डाग उगवतो. नॉरशोपिंगच्या या लिलावघरात तो नोकरीला लागला तेव्हा तेरेसच्या वडिलांनी त्याला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. कडेला धरायचं, तोंड मिटायचं, मग बघायचं.

तो बघत होता.

१९०७ सालचं दोन क्रोनांचं नाणं. राजाराणीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पाडलेलं, दोघांचे चेहरे एकामागे एक. राजाच्या भुवईवर झीज नाही, राणीच्या केसांत नाही. म्हणजे हे कधी कुणाच्या खिशात गेलेलंच नव्हतं. अशा नाण्याची मग एकच परीक्षा उरते. दिव्याखाली ते हळूच कलवायचं. टाकसाळीतली मूळ झळाळी शाबूत असेल तर उजेडाचे आरे त्याच्यावर गोल फिरतात, चाकासारखे. चाक फिरलं की शून्य. शून्य म्हणजे सगळ्यात वरची प्रत. तिथून खाली नुसती घसरण.

डावीकडे कलवलं.

उजवीकडे.

पुन्हा डावीकडे.

नाणं मखमलीवर ठेवून त्याने मान वळवली.

"आण. साखर नको."

"साखर तुला मी जन्मात दिलेली नाही. काय म्हणतंय ते?"

"पुसलंय."

"हेही?"

"झीज नाही आणि चाकही नाही. दुसरं काय असणार? कुणीतरी फडकं घेऊन चमकवायला गेलंय. प्रत एक लिही, आणि पुढे 'पुसलेलं' लिही."

"स्टॉकहोमचे व्यापारी म्हणतायत, तुमचा सिक्स्टेन म्हातारपणी फार कडक झालाय."

"म्हणू देत."

"मी कुठे नको म्हणतेय? कडकच पाहिजे त्यांना." ती निघता निघता थांबली. "नाणं यूदितबाईंचं, त्यांना कळवते. कॅटलॉग उद्या छापायला जातोय."

कडक. हा शब्द कानावर आल्यापासून त्याने तो जवळ बाळगला होता, थंडीत हात खिशात घालावा तसा.

*

पुसलेल्या नाण्यावर केसाहून बारीक ओरखडे असतात, सगळे एकाच दिशेने गेलेले. त्याला ते दिसले नव्हते. दिसत नाहीत म्हणजे फारच बारीक असतील, असं त्याने धरलं होतं.

*

यूदित ऑकरब्लूम फोन ठेवून तडक ट्रामने आली. कोटाची बटणं चुकीच्या काजात, डोक्यावर विणलेली टोपी. वय नव्वदीकडे झुकलेलं. सिक्स्टेनच्या समोर बसली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तो परीक्षक तूच का? मला वाटलं, दाढीवाला कुणी असेल."

"मीच."

"फोनवरची मुलगी म्हणाली, कुणीतरी पुसलंय. कुणीतरी म्हणजे कोण रे? घरात आम्ही दोघंच. एवाल्ड त्या कपाटाची धूळसुद्धा मला झटकू द्यायचा नाही. आमच्या लग्नाला पन्नास झाली तेव्हा त्याने ते आणलं. वर्षातून एकदा काढायचा, दाखवायचा, ठेवून द्यायचा. मी म्हणायचे, मला नीट बघू तरी दे. तर म्हणायचा, लांबूनच बघ, तुला बोलल्याशिवाय राहवत नाही."

सिक्स्टेन हसला. मग हसायचा थांबला.

"म्हणजे मीच पुसलं असणार," ती म्हणाली.

"असं कुठे म्हटलंय कुणी..."

"मला कुणी सांगायला नको. गेल्या महिन्यात कॉफीची किटली कपड्यांच्या कपाटात सापडली. मुलगी म्हणते, आई, आता वृद्धाश्रम बघूया. मी म्हणते, किटली गेली म्हणून मी गेले का? पण हात काय करतात ते मला आठवत नाही." ती टोपी उलटी करून पुन्हा सुलटी करत होती. "किमतीचं राहू दे. मला एकच सांग. कधी पुसलंय, ते कळतं का?"

"कधी म्हणजे?"

"तो जायच्या आधी की नंतर. शेवटच्या आठवड्यात त्याने ते मागितलं होतं. उशीशी दिवा धरून कितीतरी वेळ बघत होता. बोलला काहीच नाही. नंतर पुसलं असेल तर माझी मी बघून घेईन. पण आधी पुसलं असेल, तर त्याने ते पाहिलं. आणि मला काही न बोलता गेला."

सिक्स्टेनने टेबलावरचा दिवा थोडा सरकवला. सरकवायची काही गरज नव्हती.

"ते सांगता येत नाही," तो म्हणाला.

"बरं." ती उठली. "मग दोन्ही धरून चालते."

तेरेसने तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, ट्राम येईपर्यंत कॉफी घ्या म्हणाली. पलीकडून कपबश्यांचा आवाज येत राहिला.

*

खणात त्याचं स्वतःचं एक नाणं होतं. एका क्रोनाचं, नेहमीचंच, पण शून्य. रोज सकाळी ते एकदा कलवून बघायचं, नजर जुळवून घ्यायची आणि मग कामाला लागायचं, ही त्याची जुनी रीत. ती केव्हा सुटली?

काढलं. तोंड मिटलं. कलवलं.

नाही.

दिव्याला नवा बल्ब लावला. चष्मा पुसला. चष्मा काढला. उजवा डोळा झाकला.

नाही. मधोमध राखाडी, आणि कडेला, अगदी कडेला, काहीतरी पळाल्यासारखं.

डावा झाकला. तेवढंसुद्धा नाही.

खिडकीचा गज मध्येच वाकलाय म्हणून त्याने सप्टेंबरात चौकीदाराकडे तक्रार केली होती. चौकीदार आला, गजावरून हात फिरवला, म्हणाला, सरळ आहे की. सिक्स्टेनला तो माणूस बेफिकीर वाटला होता. आता त्याने पुन्हा खिडकीकडे पाहिलं. गज वाकलेलाच होता. पलीकडच्या घराची भिंतही तिथेच वाकली होती, आणि ट्रामची तार.

आईचं असंच झालं होतं. आधी मधलं दिसायचं गेलं. मग ती मान बाजूला वळवून माणसांकडे बघायची, कोंबडी बघते तसं. आणि तो दारात उभा राहिला की म्हणायची, बोल काहीतरी, म्हणजे कळेल कोण ते.

गप्प राहिलं तर? कॅटलॉग उद्या जाईल. नाणं विकलं जाईल. ज्याच्याकडे जाईल त्याला स्वस्तात शून्य मिळेल, तो कशाला बोलेल? म्हातारी तर कबूलच करून बसली आहे. आणि तो कडक राहील, वसंतापर्यंत, कदाचित पुढच्या...

बाहेर कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकली.

"यूदितबाई," त्याने हाक मारली. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. "जरा आत या."

*

"नको रे, मला नको हात लावायला देऊस. परत पुसलं बिसलं तर?"

"दोन बोटांत धरा. कडेला. अस्सं. आता दिव्याखाली हळूहळू कलवा."

तिने नाणं इकडे कलवलं, मग तिकडे. सिक्स्टेन नाण्याकडे बघत नव्हता. मान थोडी वळवून तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तसं पाहिलं की ते दिसत होतं. तिचे ओठ उघडले.

"आधी खाली ठेवा, मग बोला," दारातून तेरेस म्हणाली. "नाण्यावर..."

"बोलू दे त्यांना," सिक्स्टेन म्हणाला. "काय दिसतंय?"

"उजेड पळतोय की." यूदित नाण्यावर वाकली. "इकडे केलं की इकडे, तिकडे केलं की तिकडे. पवनचक्कीसारखा. हे बघत बसायचा होय हा? आणि मला लांब उभं करायचा."

"सगळीकडे फिरतोय? दोघांच्या चेहऱ्यांभोवती?"

"सगळीकडे."

"मग कुणी पुसलेलं नाही. पुसलेल्यावर तो पळत नाही. तुम्ही नाही, कुणीच नाही."

"मग तू तसं का म्हणालास?"

"मला दिसला नाही."

तेरेसच्या हातात कॉफीचा रिकामा कप होता. तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला वाटलं, नोव्हेंबरचा अंधार आहे."

"मोतीबिंदू काढून घे," यूदित म्हणाली. "मी दोन्ही डोळ्यांचे काढलेत. काही दुखत नाही. सगळं निळं निळं दिसायला लागतं."

ज्यावर प्रत लिहायची ती पुठ्ठ्याची चौकट आणि पेन्सिल सिक्स्टेनने तेरेसच्या बाजूला सरकवली, वर भिंग ठेवलं.

"तू लिही. राजाराणीच्या गालांवर पिशवीतल्या दुसऱ्या नाण्यांनी आपटून पडलेले टोचे आहेत का बघ, नसतील तर शून्य. आणि या आठवड्यात मी 'पुसलेली' ठरवलेली बाकीची दोन पण काढ."

"अगं बाई," यूदित म्हणाली. "धुकं आलं याच्यावर. माझाच श्वास." एका हाताने ती कोटाच्या खिशात रुमाल चाचपू लागली.

"पुसू नका," सिक्स्टेन म्हणाला. "आपोआप जाईल."

रुमाल अर्धा बाहेर आला होता, तो तिने परत आत सारला. तिघं थांबली. दोघी नाण्याकडे सरळ बघत होत्या, आणि सिक्स्टेन मान थोडी बाजूला वळवून.